लोटलेलं दार

“आता झालं म्हणायचं ना, बुवा?” यशोधनने विचारलं.

बुवा ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“काय झालं?”

“कचेरीतली यंत्रं जोडून झाली. पाच टेबलांवर पाच संगणक आणि कोपऱ्यातल्या कपाटात सहावा. लिहायचा प्रोग्रॅम त्या सहाव्यावर एकदाच बसवलाय. पाचही जण तोच वापरतात. फायलीही सगळ्या तिथेच.”

“म्हणजे कसं?”

“स्वयंपाकघर एक आणि पंगत पाच जणांची.”

बुवांना हे आवडलं असावं. त्यांनी सोललेले दाणे त्याच्या हातावर ठेवले.

“पूर्वी अण्णांनी काही लिहिलं की ते अण्णांच्याच संगणकात पडून राहायचं,” यशोधन म्हणाला. “आता कुणीही आपल्या जागेवरून उघडू शकतं. मठातलं सगळं लिखाण जोडलं गेलं.”

“लिखाण जोडलं गेलं,” बुवा म्हणाले.

“हो.”

बुवांनी पुढची शेंग उचलली…

“चालू दे थोडे दिवस,” ते म्हणाले. “मग बोलू.”

सीना नदीकाठच्या आमच्या मठात यशोधन वर्षभरापूर्वी आला. पुण्यातली चांगली नोकरी सोडून आला होता. त्याला बुवांचा अनुग्रह हवा होता आणि बुवांनी त्याला कचेरीतल्या यंत्रांचं काम दिलं होतं. पोरगा कामाला वाघ. फक्त आपल्याला न समजलेलं असं जगात काही शिल्लक असेल, हे त्याला पटत नसे. तरी मला तो आवडायचा. माझ्या पडद्यावरची अक्षरं त्याने मी न सांगताच मोठी करून दिली होती.

मी इंदू. कचेरीत बसून मठाच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते. माझ्या एका बाजूला रंगनाथ अण्णा बसतात, दुसऱ्या बाजूला मारुती तात्या. या दोघांबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

दोघंही सत्तरीच्या पुढचे. विशीत असताना एकाच बैलगाडीतून मठात आले, थोरल्या बुवांचे, म्हणजे आताच्या बुवांच्या आधीच्या बुवांचे, शिष्य झाले, कित्येक वर्षं एका ताटात जेवले. आणि आता एक तप उलटून गेलं, एकमेकांशी अवाक्षर बोललेले नाहीत.

थोरले बुवा अंथरुणाला खिळले होते तेव्हा हे दोघं पाळीपाळीने त्यांच्याजवळ बसत. आमच्या मठात एक जुनी रीत आहे. बुवांच्या खोलीचं दार लोटलेलं दिसलं, की आत कुणीतरी आपलं मन मोकळं करतंय असं समजायचं आणि आल्या पावली परत फिरायचं. हाक मारायची नाही, दार वाजवायचं नाही.

त्या दुपारी अण्णा आले. दार लोटलेलं दिसलं. मारुती आत आहे असं समजून ते परत गेले.

मग तात्या आले. दार लोटलेलं दिसलं. रंगा आत आहे असं समजून तेही परत गेले.

आत कुणीच नव्हतं. दार वाऱ्याने लोटलं गेलं होतं.

पेज घेऊन जाणाऱ्याला तेवढी दार ढकलायची मुभा असते. पेज घेऊन मी गेले होते. थोरले बुवा गेलेले होते, आणि जवळ कुणी नव्हतं.

माझी हाक ऐकून दोघं धावत आले. “मला वाटलं तू आत आहेस,” दोघंही एकदमच म्हणाले. ते त्यांचं एकमेकांशी शेवटचं बोलणं.

तेव्हापासून मी त्यांची टपालपेटी.

“इंदूताई, तात्यांना म्हणावं, पंखा जरा बारीक करा.”

“इंदूताई, अण्णांना सांगा, थंडी वाजत आसंल तर भायेर उन्हात बसा म्हणावं.”

दोघं माझ्यापासून हातभर अंतरावर, एकमेकांकडे पाठ करून. मधे मी. साधं भांडण असतं तर एव्हाना कुणीतरी मिटवलं असतं. पण हे भांडण नव्हतंच. एकाने दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं की दोघांनाही ते दार दिसायचं.

बुवांनी दोघांना मिळून एकच काम दिलं होतं, थोरल्या बुवांच्या आठवणींचं पुस्तक. अण्णांना मठातले दिवस पाठ, तात्यांना प्रवासातले. अण्णांच्या छातीत अलीकडे कळ येत असे आणि तालुक्याचे डॉक्टर तपासून झाल्यावर फार बोलत नसत. पुस्तक अर्धं राहिलं तर राहो, मला त्याचं वाटत नव्हतं. हे दोघं असेच पाठ फिरवून जाणार की काय, याने माझा जीव तुटायचा.

पुस्तकाची फाइल एकच होती. यशोधनच्या नव्या जोडणीत ती सगळ्यांना दिसायची, पण तिच्यात एका वेळी एकालाच लिहिता यायचं. एकाने उघडलेली असताना दुसऱ्याने उघडली, तर पडद्यावर पाटी यायची. यशोधनने ती हौसेने मराठीत करून घेतली होती.

‘आत रंगनाथ अण्णा आहेत. आपल्याला फक्त वाचता येईल.’

तात्यांनी ही पाटी पहिल्यांदा पाहिली तेव्हा आधी चष्मा पुसला.

“इंदूताई, ह्यो डबा काय म्हणतोय?”

“अण्णा लिहिताहेत, तात्या. त्यांचं झालं, त्यांनी फाइल मिटली, की तुम्ही लिहायचं.”

“मग त्यांना म्हणावं…”

तात्या थांबले.

“ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले, आणि वाचत बसले.

त्या सकाळी त्यांनी अण्णांचं सगळं लिखाण वाचलं. एका जागी ते खुदकन हसले. थोड्या वेळाने त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने डोळे टिपले. अण्णांचे हात थांबले होते. ते मागे वळले नाहीत, पण त्यांचे कान मागेच होते, हे मी शपथेवर सांगते.

अण्णांना फाइल मिटायची सवयच नव्हती. जेवायला गेले तरी पाटीवर ते आतच असायचे. तात्या ताटकळत. दुसऱ्या दिवशी तात्या लवकर आले आणि त्यांनी आधी फाइल उघडली. मग ‘आत मारुती तात्या आहेत’ ही पाटी वाचायची वेळ अण्णांवर आली. त्यांनी ती बराच वेळ वाचली. एवढी काही ती लांब नव्हती.

पुढे तर शर्यतच लागली. मी कुलूप उघडायला यायचे तेव्हा दोन म्हातारे कचेरीच्या पायरीवर हजर असायचे. एक पूर्वेकडे तोंड करून, एक पश्चिमेकडे. पायरी मात्र एकच.

मला मजा वाटत होती. यशोधनला लाज वाटत होती. आपल्या कामात खोट निघाली असं त्याला वाटलं.

तो बुवांकडे गेला. बुवा वासराच्या गळ्यातला दोर सैल करत होते.

“बुवा, एक अडचण आहे.”

“कुणाची?”

“अण्णा-तात्यांची. एक जण लिहीत असला की दुसऱ्याला नुसतं वाचत बसावं लागतं.”

“वाचतो का?”

“वाचतात. दुसरं करणार काय?”

बुवा हसले.

“यावर उपाय आहे माझ्याकडे,” यशोधन म्हणाला. “अर्ध्या तासाचं काम आहे.”

बुवा दोराची गाठ चाचपत राहिले.

गप्प बसले म्हणजे होकार दिला, असं यशोधन समजला. हुशार माणसांची ही जुनी खोड.

त्याने फाइलच्या दोन प्रती केल्या. एक अण्णांची, एक तात्यांची. प्रत्येकाने आपापल्या प्रतीत हवं तेव्हा लिहावं, शेवटी दोन्ही मिळवून आपण एक करू, असं त्याने दोघांना वेगवेगळं समजावून सांगितलं. दोघांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी संगणक लावला आणि पडद्याकडे पाहत राहिले.

“इंदूताई, ती पाटी येत न्हाई आज.”

“आता यायची नाही, तात्या. आता तुम्हाला अण्णांसाठी थांबायला नको.”

“आसं व्हय,” तात्या म्हणाले.

ते लिहू लागले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “बरं झालं की मग.” पण बरं झाल्यासारखा तो आवाज नव्हता.

शर्यत संपली. दोघं आपापल्या वेळेला, अंगावर ऊन घेत, सावकाश येऊ लागले. पायरीवर कुणी बसेना. अण्णांनी काय लिहिलं हे तात्यांना कळेना, तात्या कुठे हसले हे अण्णांना ऐकू येईना. कचेरी पहिल्यासारखी शांत झाली. मला ती शांतता खायला उठायची.

यशोधन मात्र खुशीत होता. ओसरीवर बुवांसमोर मांडी घालून बसला.

“आता कुणाला कुणाची अडचण राहिली नाही, बुवा.”

“कुणाला कुणाची नाही?”

“अजिबात नाही.”

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. तापलेल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवताना आईचा चेहरा होतो, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

“उद्या सकाळी माझ्या खोलीत ये,” ते म्हणाले. “अनुग्रहाचं बोलू.”

यशोधन आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आला. बुवांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तो पडवीत बसला. मला मुद्रितं दाखवायची होती, म्हणून मीही बसले.

ऊन पडवीच्या कडेला आलं. मग आत आलं. यशोधन एकदा उठला, दारापर्यंत गेला आणि परत येऊन बसला.

“आत कोण असेल हो, इंदूताई? इतका वेळ?”

“कुणाचं दुःख मोठं असेल बाबा,” मी म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं.

जेवणाची घंटा व्हायची वेळ आली तेव्हा गोठ्याकडून बुवा आले. धोतराला कडब्याच्या काड्या चिकटल्या होत्या.

“इथे का बसलास?” त्यांनी यशोधनला विचारलं.

“तुमचीच वाट बघतोय.”

“आत जाऊन बसायचंस.”

“दार लोटलेलं होतं, बुवा. मला वाटलं आत कुणीतरी आहे.”

बुवांनी दार ढकललं. आत सतरंजी होती. पाण्याचा तांब्या होता. बाकी कुणी नव्हतं.

 त्या दुपारी थोरल्या बुवांच्या अंथरुणाजवळची सतरंजी अशीच रिकामी होती.

यशोधन उंबऱ्याशी उभा राहिला. वर्षभर मठात राहिलेल्या माणसाला ती दुपार ऐकून ठाऊक असते. आज ती त्याच्यासमोर होती.

“तुझ्या यंत्रावर म्हणे पाटी यायची,” बुवा म्हणाले. “आत कोण आहे ते सांगणारी.”

“यायची.”

“मग?”



“मी काढून टाकली, बुवा.”

बुवांनी धोतरावरची एक काडी काढली. मग दुसरी.

“जेवून घे,” ते म्हणाले. “सकाळपासून उपाशी आहेस.”

तो जेवला नाही. थेट कचेरीत आला आणि दोन्ही प्रती शेजारी शेजारी उघडून बसला. अण्णा आणि तात्या वामकुक्षीला गेले होते. मीही त्याच्याजवळ खुर्ची ओढली. अण्णांचं एक पान, तात्यांचं एक पान, असं करत आम्ही पुस्तक पुन्हा एक केलं. काही गोष्टी दोघांनीही लिहिल्या होत्या. थोरल्या बुवांनी ओढ्यात पडलेलं कोकरू अंगरख्यात गुंडाळून आणलं, ती गोष्ट अण्णांच्या प्रतीत होती आणि तात्यांच्याही. अण्णांच्या गोष्टीत कोकरू तात्यांनी धरलं होतं. तात्यांच्या गोष्टीत ते अण्णांनी धरलं होतं.

“यातलं खरं कोणतं?” यशोधनने विचारलं.

“दोन्ही राहू दे,” मी म्हटलं.

शेवटच्या प्रकरणाला बुवांनीच आधी नाव देऊन ठेवलं होतं, ‘अखेरची दुपार’. अण्णांच्या प्रतीत त्याखाली काही नव्हतं. तात्यांच्या प्रतीतही नव्हतं.

यशोधन त्या कोऱ्या पानाकडे बघत होता. मग त्याने दोन्ही प्रती पुसून टाकल्या आणि एकच फाइल ठेवली.

“त्यांना काय सांगू, इंदूताई? माझं चुकलं म्हणून सांगू का?”

“त्यांना काही सांगू नकोस,” मी म्हटलं. “उद्या सकाळी इथे ये, बस.”

दुसऱ्या दिवशी अण्णा आधी आले. अण्णांना खुर्ची चालत नाही, त्यांच्या टेबलाला जुना बाक आहे. बाकावर बसून त्यांनी फाइल उघडली, पानं पुढे सरकवत गेले आणि शेवटच्या प्रकरणावर थांबले. बोटं कळफलकावर ठेवली. पण एकही अक्षर उमटलं नाही.

मग तात्या आले. पंचा झटकला, खुर्चीत बसले, संगणक लावला.

‘आत रंगनाथ अण्णा आहेत.’

तात्यांनी पाटी वाचली. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. त्यांनीही शेवटचं प्रकरण काढलं. ते कोरं होतं, आणि अण्णा त्या कोऱ्या पानात बसलेले होते.

तात्यांची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. ते माझ्या दिशेने आले. काहीतरी निरोप असणार म्हणून मी सवयीने मान पुढे केली.

ते मला ओलांडून गेले.

अण्णांच्या पाठीमागे जाऊन ते उभे राहिले. हात उचलला, खाली घेतला. उंच माणूस, पण त्या वेळी फार लहान दिसत होता.

“रंगा,” तात्या म्हणाले.

अण्णांची बोटं कळफलकावरून खाली आली.

“रंगा, आत तूच हायेस ना?”

कपाटाजवळ यशोधन उभा होता. त्याच्या हातात कसलीशी वायर होती आणि ती कशाला घेतली होती हे तो विसरला होता.

अण्णांनी मान वळवली नाही. वळवली असती तर बहुधा बोलता आलं नसतं.

“मीच आहे,” ते म्हणाले. “ये, मारुती.”

आणि ते बाकावर सरकले.

तात्या त्यांच्याशेजारी बसले. दोघं त्या कोऱ्या पानाकडे बघत राहिले. खांद्याला खांदा लागला होता. बऱ्याच वेळाने तात्या म्हणाले, “तू लिही. मी सांगतो माझ्याकडनं काय झालं ते. मग तू तुझं सांग.” अण्णांनी नाक ओढलं. “पंखा बारीक कर आधी,” ते म्हणाले, आणि तात्यांनी उठून पंखा बारीक केला.

मला रडू आलं. इतकी वर्षं त्या दोघांचे निरोप इकडून तिकडे नेले होते. आज माझी नोकरी सुटली आणि मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

यशोधनने वायर कपाटावर ठेवली आणि तो बाहेर पडला. मुद्रितं माझ्या हातात होतीच, त्यांचं निमित्त करून मीही निघाले.

बुवांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

यशोधन रिवाजाप्रमाणे पडवीत बसला. पण त्याला बसवेना. तो उठला आणि दारापाशी गेला. आमच्या मठात असं कुणी करत नाही. मी त्याला अडवायला हवं होतं. मी अडवलं नाही.

त्याने कपाळ दाराला टेकवलं.

“आत कोण आहे?” त्याने विचारलं. फार हळू विचारलं. ‘झालं का’, ‘अनुग्रह देता का’, असं त्यात काही नव्हतं.



गोठ्यात वासरू हंबरलं. कचेरीकडून तात्यांचं हसणं ऐकू आलं, आणि त्यामागून अण्णांचं.

“कोणी नाही,” बुवा आतून म्हणाले. “ये.”